हेक-२९३ पेशी: अकरा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हेक म्हणजे ह्यूमन एम्ब्रियॉनिक किडनी: प्रयोगशाळेत वाढवतात ती मानवी पेशी. कामाला पाचपैकी पाच तारे. लेबलाला एक, तोही जिवावर येऊन. आता सविस्तर.

मी संशोधक नाही, तंत्रज्ञ आहे. शोधनिबंधावर माझं नाव येत नाही. आलंच तर शेवटच्या आभारांत. पण इन्क्युबेटरची जबाबदारी माझी. सुट्टीच्या दिवशी सगळे घरी असताना पेशींचा मीडिया, म्हणजे त्यांचं पातळ खाद्य, बदलायला यावं लागतं, तेही मलाच. प्रयोग दुसऱ्यांचे, पेशी माझ्या. त्यामुळे ह्या मालाबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी समजते.

कोरड्या बर्फाच्या डब्यातून एक मिलिलिटरची कुपी येते. ती लगेच द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जाते आणि वापराच्या दिवशीच बाहेर निघते. ३७ अंशांच्या पाण्यात ती मिनिट-दीड मिनिट हलवायची. आत बर्फाचा लहानसा खडा उरला की काढायची आणि भराभर कोमट मीडियात ओतायची, कारण गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन उबेत पेशींना मानवत नाही. नवखी मुलं इथे घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. बाकीच्या पेशी वितळवल्यावर दोन-दोन दिवस रुसून बसतात. हेक दुसऱ्या सकाळी फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फ्लास्क भरलेला. दिवसा-दीड दिवसात दुप्पट होणारा माल. खाणंपिणंही साधं: डीएमईएम नावाचा मीडिया, त्यात १० टक्के सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

दोष सांगायचा तर पकड ढिली. फ्रिजमधून काढलेलं थंड पीबीएस (पेशी धुवायचं क्षारांचं पाणी) थेट ओतलं, तर अख्खा थर चादरीसारखा सुटून येतो. कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात मी एका मुलीचा आठवड्याचा प्रयोग असा सिंकमध्ये घालवला होता. तेव्हापासून बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: कोमट करूनच. तळाला पॉली-लायसिनचा थर दिला तर त्रास बराच कमी होतो. पॅसेजची, म्हणजे पेशी विभागून नव्या फ्लास्कमध्ये घालण्याच्या प्रत्येक खेपेची, नोंद मात्र कटाक्षाने ठेवा. तीसच्या पुढे गेलेली हेक कधी वाट्टेल तशी वागेल, सांगता येत नाही.

पण ही पेशी घ्यायची ती एकाच गोष्टीसाठी: बाहेरचा जीन घालायला. साध्या कॅल्शियम फॉस्फेटनेसुद्धा ही डीएनए आत घेते. आज संध्याकाळी हिरव्या प्रथिनाचा जीन द्या, उद्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळी ताटली हिरवी. ह्याच सोयीमुळे जीन थेरपीचे विषाणू हिच्यात वाढवतात, हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणाऱ्या, रक्त साकळवणाऱ्या आठव्या घटकाचं एक औषध हिच्यात बनतं, आणि २०२० साली ऑक्सफर्डची कोविड लस हिच्याच एका वंशजात वाढवली गेली. एमआरएनए लसींच्या उत्पादनात ही नव्हती, चाचण्यांत मात्र होती. त्या वर्षी आमच्या टाकीतल्या हेकच्या खणाला उसंत नव्हती.

नावाची गोष्ट मला आवडते, म्हणून सांगते. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला, आलेक्स फान देर एब ह्यांच्या प्रयोगशाळेत, फ्रँक ग्रॅहॅम हा कॅनेडियन तरुण अ‍ॅडिनोव्हायरसच्या डीएनएचे तुकडे करून ते मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत घालायचा प्रयत्न करत होता. एकामागून एक प्रयोग फसत गेले. अखेर एका ताटलीत एकच वसाहत तगली. वहीतला प्रयोग क्रमांक २९३. डीएनएच्या साधारण ४,३०० अक्षरांचा विषाणूचा तुकडा १९व्या गुणसूत्रात जाऊन बसला होता आणि पेशीला अमर करून गेला होता. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हिच्यात ६४च्या आसपास. आणि गंमत म्हणजे नावात मूत्रपिंड असलं तरी पुढे संशोधकांना हिची बरीच लक्षणं चेतापेशींशी जुळणारी आढळली. कंपनीने विकली असती तर चुकीच्या वर्णनाबद्दल तक्रार करता आली असती.

आता लेबल. लॉट नंबर, पॅसेज नंबर, तारीख, आणि उगमाच्या रकान्यात तीन शब्द: मानव, भ्रूण, मूत्रपिंड. आम्ही ज्यांच्याकडून मागवतो त्यांच्या माहितीपत्रकात पेशी किती तापमानाला ठेवायच्या ह्यावर अर्धं पान आहे. भ्रूण कुठून आलं, कुणाला विचारून आलं, ह्यावर ओळही नाही.

मलाही पाच वर्षं ते खटकलं नव्हतं. एकदा आईला कामाचं समजावून सांगत होते. फोनमधले फोटो दाखवले, ही बघ माझी पेशी, पन्नास वर्षं जिवंत आहे. आई जैन संस्कारांत मुरलेली बाई. तिने फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "कुणाचं मूल होतं ते?"

मला उत्तर माहीत नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की, उत्तर द्यायला कागदच शिल्लक नाही. २००१ साली खुद्द फान देर एब ह्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे साक्ष दिली. मूत्रपिंड बहुधा १९७२ मधलं, नेमकी तारीख आता सापडत नाही, कुटुंबाची माहिती नाही, आठवणीप्रमाणे भ्रूण निरोगी होतं. निरोगी होतं ह्याचा अर्थ तो आपसूक झालेला गर्भपात नसावा असा बहुतेक जण काढतात. एवढंच. ज्या पेशीचं प्रत्येक अक्षर आज वाचलेलं आहे, तिच्या आईचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही. हेन्रिएटा लॅक्स ह्या अमेरिकन कर्करुग्ण बाईंच्या पेशी १९५१ साली त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, पण निदान त्यांचं नाव जगाला कळलं आणि २०२३ मध्ये त्यांच्या वारसांशी एका कंपनीला तडजोड करावी लागली. इथे कुणाशी करणार?

आईने मला 'नोकरी सोड' म्हटलं नाही. तिने फक्त तिच्या पद्धतीने हिशेब मांडला. जैन विचारात हिंसेचा दोष तीन वाटांनी लागतो: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला मनातून मान डोलावली. ह्या तिन्ही पुन्हा मनाने, वाणीने, देहाने. (पुढे क्रोधादी चार कषाय आणि संकल्प-तयारी-कृती अशा तीन पायऱ्या जोडत गेलं की १०८ होतात. आमच्या पेशींच्या हिशेबापेक्षा हा अवघड.) तू केलं नाहीस, ती म्हणाली. तुझ्यासाठी कुणी केलं नाही, तू जन्मलीही नव्हतीस. राहिलं अनुमोदन. ते तुझं तू बघ.

मी ते घेऊन प्रयोगशाळेत आले आणि चुकीच्या माणसाला सांगितलं, म्हणजे बरोबर माणसाला. माझा एक सहकारी कॅथलिक आहे, मनापासून श्रद्धाळू, आणि हेकला हात लावत नाही. त्याचं काम तो चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींवर, म्हणजे सीएचओवर करतो. इतकी वर्षं मला वाटायचं, हा पोपपेक्षा कडक आहे. लस घेताना तर त्याने काही खळखळ केली नव्हती. त्याने मला समोर बसवून फरक समजावला, आणि ह्या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग तो हाच.

"ताई, लोकांना वाटतं व्हॅटिकनने होकार दिला म्हणजे सगळ्यांना दिला," तो म्हणाला. २००५ साली व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने, आणि २०२० साली २१ डिसेंबरला त्यांच्या धर्मसिद्धान्त विभागाने सांगितलं ते लस घेणाऱ्यांबद्दल: दुसरी निर्दोष लस मिळत नसेल तर ही घेणं नैतिकदृष्ट्या चालेल, कारण घेणाऱ्याचा मूळ कृत्याशी असलेला संबंध दूरचा आणि निष्क्रिय आहे. त्याच वेळी हे घेणं म्हणजे गर्भपाताला मान्यता नव्हे, असंही बजावलं. संशोधकांचं काय, ते २००८ च्या 'डिग्निटास पर्सोने' ह्या सूचनापत्रात आहे आणि ते बरंच कडक आहे. गर्भपात करणारा वेगळा, पेशी वापरणारा वेगळा, दोघांत काही करार नव्हता, एवढं 'स्वातंत्र्य' तिथे पुरेसं मानलेलं नाही. अन्यायाला मूक संमती दिल्यासारखं दिसू नये म्हणून संशोधकाने असा माल नाकारावा, असं त्यात म्हटलं आहे. थोडक्यात, बाळाला लस टोचून घेणाऱ्या आईला जी सवलत आहे ती मला नाही.

"पण तुम्हाला एक वेगळी सवलत आहे," तो हसून म्हणाला. त्याच पत्रात पुढे आहे, की काय वापरायचं हे ठरवणाऱ्याची जबाबदारी आणि ज्याला त्या निर्णयात आवाजच नाही त्याची जबाबदारी सारखी नसते. म्हणजे तंत्रज्ञ सुटला. मला ते फारसं रुचलं नाही. आवाज नसणं ही सोय म्हणून कुणी हातात ठेवली की माणसाला उगाच बोलावंसं वाटतं.

दिवस मोजायचाही एक मार्ग आहे, आणि तो सुरुवातीला मला सोपा वाटला होता. ज्यू परंपरेत पहिल्या ४० दिवसांपर्यंतचा गर्भ 'निव्वळ पाणी' मानला आहे, आणि जीव वाचवण्याच्या कर्तव्यापुढे बहुतेक नियम बाजूला होतात. इस्लाममध्ये गर्भात आत्मा फुंकला जातो तो १२० दिवसांनी, असं अनेक फकीह (धर्मशास्त्री) मानतात. काही ४० दिवसांवर थांबतात. मी कागद घेऊन बसले. गोवर-रुबेलाच्या लसीशी संबंध आलेली एमआरसी-५ पेशी १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये १४ आठवड्यांच्या भ्रूणाच्या फुप्फुसातून घेतली: ९८ दिवस. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोविड लसीसाठी वापरलेली पर.सी६ ही १९८५ मधल्या १८ आठवड्यांच्या भ्रूणाच्या दृष्टिपटलातून: १२६ दिवस, म्हणजे रेषेच्या पलीकडे. पण डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. गर्भधारणेपासून धरले तर १८ आठवडे म्हणजे ११२ दिवस, रेषेच्या अलीकडे. माझ्या हेकचं वय तर मोजायलाच काही नाही. कागद चुरगाळला. ज्या परंपरांनी ह्या रेषा आखल्या, त्यांनी त्या प्रयोगशाळेला माल पास-नापास करायला आखल्या नव्हत्या, हे तेव्हा लक्षात आलं.

रुबेलाचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबते. माझ्या मावशीच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. गरोदरपणी मावशीच्या अंगावर तीन दिवस बारीक पुरळ आलं होतं, एवढीच काय ती आठवण. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत रुबेलाच्या सव्वा कोटी लागणी झाल्या, सुमारे ११,००० गर्भ गेले आणि २०,००० मुलं जन्मजात दोष घेऊन आली. स्टॅन्ली प्लॉटकिन ह्यांनी लसीसाठी जो विषाणू वेगळा केला त्याचं नाव आरए २७/३. त्यातले २७ म्हणजे रुबेलाबाधित आयांच्या गर्भपातांतलं सत्ताविसावं भ्रूण. तो वाढवला डब्ल्यूआय-३८ मध्ये, म्हणजे लेनर्ड हेफ्लिक ह्यांनी १९६२ साली एका स्वीडिश बाईच्या भ्रूणाच्या फुप्फुसातून केलेल्या पेशींत. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. ह्या लसीमुळे जगभर किती गर्भ वाचले असतील त्याचा विचार करते तेव्हा मावसभावाचा चेहरा समोर येतो आणि तराजू एका बाजूला कलतो. मग त्या स्वीडिश बाईचा विचार येतो, आणि तो तसाच कललेला राहतो, पण मला त्याचा आनंद होत नाही. जपानने रुबेलाची एक लस सशाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून दाखवली आहे. म्हणजे दुसरी वाट होती.

आता मूळ मालाकडे. हेकच्या बाजूने एक मुद्दा आहे जो धर्माच्या चर्चेत क्वचित येतो, कारण तो इन्क्युबेटरसमोर उभं राहिल्यावरच नीट कळतो. डब्ल्यूआय-३८ आणि एमआरसी-५ मर्त्य आहेत. साधारण पन्नासेक वेळा दुप्पट झाल्या की थांबतात. ह्या मर्यादेला हेफ्लिकचंच नाव आहे. साठा कितीही जपला तरी कधीतरी संपणार, आणि संपत आला की कुणीतरी नवी पेशी शोधणार. शोधलीही: २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी नऊ भ्रूणांतून निवड करून वॉलव्हॅक्स-२ जाहीर केली. म्हणजे 'ते तर साठच्या दशकात झालं, आता काय' हा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो. हेकचं तसं नाही. ती अमर असल्यामुळे १९७२ ची घटना १९७२ मध्येच राहते. मी आज फ्लास्क स्प्लिट केला म्हणून उद्या कुठे काही घडत नाही. आईच्या भाषेत, 'कारित'चा रकाना खरोखर कोरा आहे.

हे तिला उत्साहाने सांगायला गेले आणि बोलता बोलता जीभ अडखळली. कारण मीडियात १० टक्के काय असतं ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

एफबीएस. फीटल बोव्हाइन सीरम. गाभण गाय कापली जाते तेव्हा पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात, ते साकळू देऊन वरचं पाणी वेगळं करतात. अर्धा लिटरची बाटली, रंग फिकट मधासारखा. ती मी दर दोन आठवड्यांनी मागवते, अकरा वर्षं. मानवी भ्रूणावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या, एकदा नीतिसमितीचं पत्रही आलं. वासराचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. आणि हिशेब बघा: हेकमागे एक घटना, पन्नास वर्षांपूर्वीची, पुन्हा न होणारी. सीरममागे दर बाटलीला नवी मागणी, माझ्या सहीने. ज्या रकान्यात मी अभिमानाने शून्य लिहायला निघाले होते, तिथे ह्या बाटल्या एकावर एक रचलेल्या.

कॅथलिक सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वासरू म्हणजे माणूस नव्हे. त्याच्या तराजूत बरोबर आहे. त्याची सीएचओ बरेच दिवस सीरमशिवाय वाढते, हे मात्र त्याने खिजवून सांगितलंच.

मग कुणी घ्यावी ही पेशी? अ‍ॅडिनोव्हायरस किंवा एएव्ही हे जीन थेरपीचे विषाणू वाढवायचे असतील तर पर्याय अजून तोकडे आहेत, घ्या. फक्त एखादं प्रथिन बनवायचं असेल तर सीएचओने भागतं का ते आधी बघा. ती १९५७ पासून वापरात आहे आणि तिच्यामागे कुणाची आई नाही. विषाणू-चाचण्यांत कित्येकदा माकडाच्या मूत्रपिंडाची व्हेरो पुरते. जपानी संशोधक शिन्या यामानाका ह्यांनी २००६ साली दाखवलेल्या वाटेने, प्रौढ पेशी मागे फिरवून, आज बरंच काही करता येतं, पण त्यांचे लाड हेकच्या दसपट. आणि कुठलीही घेतली तरी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी उगम सांगा. नाकारायचं असेल त्याला नाकारता आलं पाहिजे, आणि त्याच्या गुणपत्रिकेत त्याचा वास येता कामा नये. आमच्याकडे एका मुलीला तीन वर्षांनी कळलं, तेही लेबल पुसताना. ती रडली नाही, ओरडली नाही; सांगितलं का नाही, एवढंच म्हणाली. पुरवठादाराचा एक तारा मी तिथे कापला, तीन आमचे कापायला हवेत.

मी सध्या हेकला सीरमवरून उतरवते आहे. एकदम बंद केलं तर मरतात, म्हणून पायरीपायरीने: १० टक्के, मग ५, मग अडीच. प्रत्येक पायरीवर तीन-चार पॅसेज. मधल्या आठवड्यांत वरिष्ठांची बोलणी खाल्ली, कारण प्रयोग अडकले. नोंदवहीत 'उगम' असा नवा रकाना आखलाय. त्यात 'मानवी भ्रूण, लायडन, बहुधा १९७२, आई अज्ञात' आणि खाली 'वासरू, प्रत्येक बाटलीला' असं लिहिते. आई परवा विचारत होती, किती राहिलं. अडीच टक्क्यांवर आहेत, गुठळ्या धरल्यात, निम्म्या तरंगतायत. उद्या सकाळी बघते.